नागपूरच्या कॅथीड्रलमधील संगीत

जरीपटका म्हणजे मराठ्यांचें सोनेरी निशाण. तें हत्तीवर चढत असे आणि त्याच्या जोडीला नौबत झडत असे. नागपूरच्या उत्तरेस याच नांवाची जी वस्ती आहे, तेथें १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं आपले संसार नव्यानें मांडले. या जरीपटक्याहून दक्षिणेस सदरकडे येऊं लागलें म्हणजे मेकोसाबाग लागते. परगांवच्या मनुष्यास हें एखाद्या मोगली बागेचें नांव वाटावें. परंतु ‘मेकोसा’ हीं ‘मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च ऑफ सदर्न एशिया’ या लांबलचक इंग्रजी नांवाचीं केवळ आद्याक्षरें आहेत. तेथून पुढें सदर भागांत ऑल सेंट्स कॅथीड्रल, म्हणजे ‘सर्व संतांचें’ मंदिर, उभें आहे. शहरांतील सुशिक्षित मराठी कुटुंबांना या मंदिराची बाहेरची बाजू चांगली परिचयाची असते. आंत जें गाइलें जातें त्याविषयीं मात्र नाताळच्या गाण्यांपलीकडे बहुधा कल्पना नसते.

कॅथीड्रल म्हणजे मोठें चर्च, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाहीं. जेथें बिशपाचें आसन असतें तें कॅथीड्रल. मूळ शब्दाचा अर्थच खुर्ची असा आहे. इमारत लहान असली तरी चालते, आसन मात्र पाहिजे. नागपूरचें हें चर्च १९ व्या शतकाच्या मध्यास, भोसल्यांचें राज्य खालसा होण्याच्या सुमारास, इंग्रज अधिकारी व लष्करी मंडळी यांच्या उपासनेसाठीं झालें. पुढें १९०३ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण होऊन आयर चॅटर्टन हे पहिले बिशप झाले, तेव्हां या चर्चला कॅथीड्रलचा मान मिळाला. आणि या मानाबरोबर इंग्लंडांतील कॅथीड्रलांची एक जुनी गायनपरंपराही आदर्श म्हणून येथें आली. हा आदर्श मराठी मुलखांत कितपत रुजला, कोठें अडला आणि त्याच्या जागीं काय उगवलें, हें समजण्यासाठीं प्रथम ती परंपरा म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे.

ती मैफल नव्हे. टाळ्या नाहींत, फर्माईश नाहीं. श्रोता असा कोणी नाहींच, निदान तत्त्वतः तरी नाहीं. इंग्लंडच्या चर्चनें १५४९ सालीं लॅटिन टाकून इंग्रजीत प्रार्थनेचें पुस्तक केलें आणि १६६२ सालीं त्यास आजवर प्रमाण मानलेलें रूप दिलें. त्या पुस्तकानें रोज सकाळीं व सायंकाळीं कोणत्या क्रमानें उपासना करावयाची हें ठरवून दिलें आहे. सायंकाळची उपासना ही कॅथीड्रल-संगीताचा गाभा होय. पुरोहितानें एक ओळ गावी व गायकवृंदानें तिला उत्तर द्यावें, मग त्या दिवसाचीं स्तोत्रें, मग वाचन, मग मरीयेचें स्तोत्र, पुन्हां वाचन, आणि वृद्ध शिमोनाचें स्तोत्र, शेवटीं प्रार्थना आणि एखादें रचलेलें भजन. ब्रिटिश रेडिओनें १९२६ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधून ही सायंउपासना प्रक्षेपित करण्यास आरंभ केला आणि तो परिपाठ अद्याप चालूं आहे. रेडिओच्या इतिहासांत इतका दीर्घायुषी कार्यक्रम विरळा.

या सर्वांत खरा कसाचा भाग म्हणजे स्तोत्रें. बायबलांत स्तोत्रें १५० आहेत. प्रार्थनापुस्तकानें त्यांचे महिन्याच्या तीस दिवसांचे सकाळ-संध्याकाळ असे साठ भाग पाडले आणि आज्ञा केली कीं दर महिन्यास हीं सर्व म्हटलीं गेलींच पाहिजेत. कोणत्या तारखेस काय यावें हें ठरलेलें. त्यांत आवडीनिवडीस जागा नाहीं. पंधराव्या तारखेच्या सायंकाळीं सत्तरांहून अधिक श्लोकांचें ७८ वें स्तोत्र एकटेंच येतें, आणि गायकवृंदांतील पोरें त्या तारखेला मनांतून भीत असल्यास नवल नाहीं.

आतां अडचण अशी कीं इंग्रजी प्रार्थनापुस्तकांतील स्तोत्रें गद्य आहेत. एक श्लोक दहा शब्दांचा, दुसरा तीस शब्दांचा. गद्याला चाल लावावी कशी? ॲंग्लिकन गायकांनीं यावर जो तोडगा काढला तो मोठा चतुर आहे. एका लहानशा चालींत दहाच स्वर घेतात: श्लोकाच्या पूर्वार्धास चार, उत्तरार्धास सहा. यांतील प्रत्येक अर्धाचा पहिला स्वर रबरासारखा ताणतां येतो. त्यावर पांच शब्द म्हणा, नाहीं तर पंधरा म्हणा. बोलण्याच्या ओघानेंच म्हणावयाचे. अर्ध संपत आला म्हणजे उरलेले स्वर शेवटच्या चारदोन शब्दांवर उतरतात आणि वाक्य विसाव्याला येतें. कोणत्या शब्दावर स्वर बदलावयाचा याच्या उभ्या रेघा पुस्तकांतच छापलेल्या असतात. आपल्याकडे अथर्वशीर्ष म्हणतांना गद्यच एका ठराविक स्वरावर धांवत जातें आणि ठराविक जागीं खालींवर होतें, हें ज्यानें ऐकलें आहे त्याला या पद्धतीचें मर्म चटकन कळेल. फरक इतकाच कीं येथें त्या धांवत्या स्वराखालीं आणखी तीन स्वर उभे असतात. मुलांचा उंच आवाज, त्याखालीं दुसरा, तिसरा आणि पुरुषांचा खर्ज. असे चार आवाज मिळून तो एक शब्द उचलतात.

गायकवृंद समोरासमोर दोन रांगांत बसतो. दक्षिणेची रांग ‘डेकॅनी’, म्हणजे डीनची. उत्तरेची ‘कॅन्टोरिस’, म्हणजे मुख्य गायकाची. एक श्लोक या बाजूनें, दुसरा त्या बाजूनें. वारकऱ्यांच्या समोरासमोरच्या दोन फडांची येथें सहज आठवण होते. परंतु येथें जो उंच आवाज लागतो तो पिढ्यान्‌पिढ्या केवळ मुलग्यांचा असे. मुलींचा स्वतंत्र व नियमित गायकवृंद इंग्लंडांतील कॅथीड्रलांत प्रथम सुरू झाला तो सॅलिसबरी येथें, आणि तोही १९९१ सालीं. मुलग्याचा आवाज बारातेराव्या वर्षीं फुटतो. तेव्हां त्याला सातआठाव्या वर्षींच धरून शिकवावें लागतें, म्हणजे पर्यायानें एक शाळाच चालवावी लागते. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसाठीं १८७५ सालीं याच कारणानें गायक मुलांची शाळा काढण्यांत आली. फोर्टमधील सुप्रसिद्ध कॅथीड्रल शाळेच्या पूर्वजांपैकीं ती एक होय. ज्या शाळेंतून पुढें बॅरिस्टर आणि उद्योगपति बाहेर पडले, तिच्या मुळाशीं स्तोत्रें म्हणणारीं पोरें होतीं, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

मुंबईस हें जमलें, कारण तेथें इंग्रजी बोलणारी वस्ती होती आणि पैसाही होता. मराठी बोलणाऱ्या मंडळींपुढें प्रश्न निराळाच उभा राहिला. स्तोत्रें मराठींत आलीं, तीही गद्यच. तीं या दहा स्वरांच्या सांच्यांत बसवून पाहिलीं तर भाषाच आडवी येते. इंग्रजी वाक्यांत आघात महत्त्वाचा, आणि वजनदार शब्द बहुधा शेवटीं येतो. चालीचा विसावा नेमका त्यावर पडतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतें. ‘डोंगरावर काळे ढग उतरले आहेत’ हें साधें वाक्य घ्या. यांतील डोंगर आणि ढग, ज्यांच्यासाठीं वाक्य केलें, ते बिचारे ताणलेल्या स्वरावर घाईघाईनें निघून जातात. आणि जेथें चार आवाज मिळून सुंदर वळण घेतात तेथें वाट्याला येतें ‘उतरले आहेत’. दरबार भरावा, मानकऱ्यांनीं दारावरूनच परतावें आणि भालदाराला पोषाख मिळावा, तशी ही गत!

इंग्रजी पद्यगीतांच्या चालींतही असाच पेंच आहे. इंग्रजींत नामापूर्वीं एक हलकें अव्यय किंवा उपपद येतें आणि चालीचा पहिला, निराघात स्वर त्याच्यासाठींच असतो. मराठींत असा हलका शब्द नाहीं. त्यामुळें ‘देवा’ म्हणतांना ‘दे’ चालीच्या दुबळ्या पायरीवर आणि ‘वा’ टाळीवर पडतो. ऱ्हस्व ओढून दीर्घ होतें, दीर्घ आंखडून ऱ्हस्व होतें. ज्याच्या कानाला लघुगुरूंची संवय आहे त्याला हें ऐकवत नाहीं.

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळींनीं हाच प्रश्न उलट्या बाजूनें सोडविला होता. त्यांच्यांत गायकवृंदाला मान नव्हता आणि १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाद्यालाही बहुधा थारा नव्हता. सर्व मंडळीनें गावें हा त्यांचा आग्रह. म्हणून त्यांनीं स्तोत्रांचें गद्य मोडून सरळसोट यमकबद्ध कडवीं केलीं, म्हणजे थोड्याच चाली पाठ असल्या तरी सर्व स्तोत्रें गातां यावीं. ॲंग्लिकनांनीं शब्द राखले आणि चाल वांकविली. स्कॉट लोकांनीं चाल राखली आणि शब्द वांकविले. नागपुरांत या दोन्ही परंपरा एकाच शहरांत नांदत होत्या, कारण स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालींच येथें आले होते. त्यांच्याच नांवाचें कॉलेज आजही नागपुरांत आहे.

तिसरा मार्ग मराठीनें स्वतःच काढला. तो कॅथीड्रलांत निघाला नाहीं, अहमदनगरकडे निघाला. तेथें कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं १९ व्या शतकांत ख्रिस्ती कथानकें घेऊन कीर्तनें केलीं व पदें रचलीं. त्यांच्यानंतर नारायण वामन टिळक. टिळकांचा नागपूरशीं जुना संबंध होता. ख्रिस्ती होण्यापूर्वीं ते कांहीं काळ येथें राहिले होते, आणि १८९३ सालीं राजनांदगांवाकडे जातांना आगगाडींत एका इंग्रज सहप्रवाशानें त्यांच्या हातीं ‘नवा करार’ दिला, हा त्यांच्या चरित्रांतील प्रसंग सर्वश्रुत आहे. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ सालीं तेथेंच ते वारले. या चोवीस वर्षांत त्यांनीं जीं भक्तिगीतें लिहिलीं, त्यांवर मराठी ख्रिस्ती मंडळींचें ‘उपासना संगीत’ हें गीतपुस्तक आजही मोठ्या प्रमाणांत उभें आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. गाण्याच्या बाबतींत तरी हें अक्षरशः खरें आहे.

त्यांनीं अभंग घेतला, याचें कारण केवळ स्वदेशप्रीति नव्हे. अभंग हें यंत्रच समुदायानें गाण्यासाठीं बनलेलें आहे. मोठ्या अभंगाचा चरण सहा सहा सहा आणि चार अशा अक्षरसंख्येचा असतो. दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत यमक, आणि चौथा खंड आंखूड. तो आंखूड खंड म्हणजे श्वास घेण्याची जागा. यमकानें पुढचा शब्द आपोआप तोंडीं येतो. ध्रुपद पुन्हां पुन्हां आल्यानें ज्याला वाचतां येत नाहीं तोही दुसऱ्या खेपेस गाऊं लागतो. अक्षरें मोजलेलीं असलीं तरी लघुगुरूंचें बंधन सैल असल्यानें ‘उतरले आहेत’सारखीं क्रियापदेंही त्यांत सुखानें बसतात. ॲंग्लिकन चालींत एकाच स्वरावर शब्द धांवतात. अभंगांत शब्द टाळाच्या ठोक्यावर चालतात. पहिलें ऐकावयास गायकवृंद लागतो. दुसऱ्यास एक टाळ आणि चार माणसें पुरतात.

आणि एक पेटी. पेटी आणि ऑर्गन यांचा संबंध जवळचा असला तरी स्वभाव फार भिन्न आहे, आणि नागपूरच्या हवेंत हा भेद विशेष जाणवण्यासारखा आहे. खऱ्या ऑर्गनमध्यें नळ्या असतात आणि त्यांतील बहुतेक बांसरीप्रमाणें, आंतील हवेचा स्तंभ कंप पावून वाजतात. हवा तापली कीं तींतून ध्वनि अधिक वेगानें जातो आणि नळीचा स्वर चढतो. पौषांतल्या सकाळीं १५ अंशांवर ज्या नळीचा स्वर सेकंदास ४४० कंपनांचा असेल, तोच वैशाखांत ४० अंशांवर सुमारें ४५९ पर्यंत जातो. षड्जापासून कोमल ऋषभापर्यंत जें अंतर, त्याच्या जवळजवळ तीनचतुर्थांश इतकी ही चढण आहे. सर्वच नळ्या सारख्या चढल्या असत्या तर निभावलें असतें. परंतु ऑर्गनमध्यें धातूच्या जिभेच्याही कांहीं नळ्या असतात आणि त्या उन्हाला दाद देत नाहींत. परिणाम असा कीं एकाच वाद्याचीं दोन अंगें एकमेकांशीं बेसूर होतात. शिवाय भात्याचें चामडें उन्हानें तडकतें, पावसाळ्यांत लांकूड फुगतें, आणि वाळवीला लांकूड देवाचें कीं सावकाराचें याचा विधिनिषेध नसतो.

पेटींत नळीच नाहीं. पितळेच्या पातळ पट्ट्या कंप पावतात आणि त्यांचा स्वर पितळेच्या जाडीलांबीवर ठरतो. नागपूरच्या मे महिन्यानेंही तो नांव घेण्याइतका हलत नाहीं. हें वाद्य मुळांत फ्रान्समधलें. अलेक्झांडर दबॅं यानें १८४० च्या सुमारास तें बनविलें. मिशनऱ्यांनीं तें हिंदुस्थानांत आणलें. पुढें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनीं त्याचा पायभाता काढून हातभाता बसविला, आणि जमिनीवर मांडी घालून वाजविण्याजोगी पेटी तयार झाली. गंमत अशी कीं ज्या वाद्यानें देवळांत, चर्चमध्यें आणि नाटकगृहांत सारखाच मान मिळविला, त्याला रेडिओवर मात्र १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. मींड निघत नाहीं आणि श्रुति हुकतात, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. पण ज्या मंडळीला दर रविवारीं उन्हातान्हांत पन्नास माणसांना एका सुरांत आणावयाचें आहे, तिला श्रुतींपेक्षां न हलणारा षड्ज अधिक मोलाचा.

असे हे निरनिराळे ओघ एकत्र येण्याचा दिवस नागपूरच्याच वाट्यास आला. १९७० च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारांत उत्तर भारताच्या संयुक्त चर्चची स्थापना झाली. सहा पंथ आपलीं स्वतंत्र नांवें टाकून एक झाले. त्यांत बिशप व प्रार्थनापुस्तक मानणारे ॲंग्लिकन होते. ज्यांच्यांत प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळी पूर्वींच मिळाली होती तें संयुक्त चर्च होतें. बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्टही होते. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र ऐन वेळीं बाहेर राहिले. म्हणून मेकोसाबागेचीं आद्याक्षरें आणि सदरचें कॅथीड्रल आजही दोन निरनिराळ्या संस्थांकडे बोट दाखवितात. सर्व पंथांतून उत्तम गीतें देणारा चार्ल्स वेस्ली हा मेथॉडिस्टांचाच कवि असल्यामुळें संगीताच्या बाजूनें हा वियोग थोडा चमत्कारिकच आहे; त्याचीं गीतें सीमा न मानतां दोन्हीकडे गाइलीं जातात.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनचे, तिचीं चर्चें या ऐक्यांत आलीं. त्यांचे अभंग पूर्वींही पंथाच्या कुंपणावरून उड्या मारून सगळीकडे पोंचले होते. १९७० नंतर त्यांना कॅथीड्रलांत पाहुणे म्हणण्याचें कारण उरलें नाहीं.

ही हकीकत मराठीच्या विजयाची म्हणून सांगण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण या देवघेवींत कांहीं गमावलेंही आहे. तीस दिवसांचा जो निष्ठुर क्रम होता, त्यांत गाणाऱ्यास निवड नव्हती. स्तोत्रांत स्तुति आहे तशी तक्रार आहे, शत्रूला दिलेले शाप आहेत, देवानें पाठ फिरविल्याचा आकांत आहे. घरीं लग्न असो कीं मृत्यु, त्या तारखेचें स्तोत्र गावेंच लागे. आणि एखाद्या दुःखी माणसाच्या कानीं ऐन वेळीं त्याच्याच मनांतला आकांत चार आवाजांतून पडे. गीतपुस्तकांतून निवड करतांना माणूस गोड तें निवडतो. मराठी गीतांत करुणा विपुल आहे, आर्जव तर त्याहून विपुल. पण देवाशीं भांडण त्या मानानें थोडें. हें विशेष खटकतें, कारण ज्या तुकारामाच्या पुलावरून ही वाट आली, तो देवाशीं भांडण्यांत कोणाला हार जाणारा नव्हता.

दुसरी हानि अजून पुरती झालेली नाहीं, पण होऊं घातली आहे. ॲंग्लिकन चाल, कितीही लहान असो, कागदावर चार ओळींत लिहिलेली असते. नागपूरचा गायकवृंद उद्यां मोडला तरी शंभर वर्षांनीं कोणीही तें पान उघडून ती जशीच्या तशी गाऊं शकेल. मराठी पदांची रीत निराळी. पदाच्या डोक्यावर रागाचें नांव, किंवा ‘चाल’ म्हणून एखाद्या त्या काळच्या लोकप्रिय पदाचे पहिले दोन शब्द, एवढेंच छापावयाचें. त्या काळीं तेवढें पुरे होतें, कारण तें नाटकाचें पद आबालवृद्धांच्या तोंडीं असे. आतां नाटक गेलें, पद गेलें, आणि पानावर त्या चालीचें नुसतें नांव राहिलें. जेथें एखाद्या आजीबाईला मूळ चाल येते तेथें ती तिच्या मागोमाग मंडळी गाते. जेथें ती नाहीं तेथें पेटीवाला जवळच्या दुसऱ्या चालीवर गीत बसवून वेळ निभावून नेतो. कॅथीड्रलची मूळ विद्या, म्हणजे स्वर लिहून ठेवण्याची विद्या, या मराठी गीतांना लावण्याचें काम करण्यासारखें आहे, आणि तें त्या आजीबाई समोर बसून गाऊं शकतात तोंवरच होण्यासारखें आहे.